हातचे दोन दिवस

लेकीने भिंतीवरच्या सहाव्या चिठ्ठीची टाचणी उपटली आणि परत तिथेच खुपसली. चिठ्ठीवर तिच्याच अक्षरात होतं : बारा मुलांच्या नोंदी, तारीख चौदा. आज सोळा होती. टेबलावर नऊच मुलांच्या नोंदी होत्या.

आई मशीनवर कोटाची बाही जोडत होती. बेचाळिसाव्या वर्षी तिने बालवाडी शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं होतं. मुलांच्या निरीक्षणांचा साठ पानांचा प्रकल्प म्हटल्यावर ती हबकली, तेव्हा लेकीने त्याचे आठ तुकडे केले आणि प्रत्येकाला तारीख दिली. प्रकल्प वेळेत गेला नाही, तर वर्ष बुडणार होतं.

“आई, तीन मुलं राहिलीत. निष्कर्षाचा तर पत्ताच नाही.”

“होतंय गं. घोड्यावर बसून आल्यासारखी काय करतेस?”

“उद्या जमा करायचंय.”

“चिठ्ठीवर उद्या.” आईने दाताने दोरा तोडला. “म्हणजे खरं एकोणीसला. मलाच शिकवतेस होय?”

लेक बघतच राहिली. कापडाला टाचायच्या चिठ्ठीवर आई नेहमी दोन दिवस आधीची तारीख घालायला लावायची. गिऱ्हाइकाला सांगितलेली खरी तारीख तिच्या डोक्यात असे. वीस वर्षांत कोणी रिकाम्या हाताने परत गेलं नव्हतं. आणि लिहिता यायला लागल्यापासून त्या चिठ्ठ्या लेकच लिहीत आली होती.

“मी खरी तारीख लिहिली,” ती हळू आवाजात म्हणाली. “तुला कसं फसवणार?”

मशीन थांबलं. आईचा पाय तसाच पायट्यावर राहिला. तिने भिंतीकडे पाहिलं, मग हातातल्या कोटाकडे. त्याची चिठ्ठी उलटून वाचली. सोळा. म्हणजे कोटवाल्या बाई अठराला येणार होत्या.

तिने एका बाहीचा कोट खुंटीला अडकवला, टेबलावरचे चिंध्यांचे ढीग कोपराने बाजूला सारले आणि चष्मा लावला.

“दहाव्या मुलाचं कच्चं टिपण वाच. मी पक्कं लिहिते.”

लेकीला पान सापडेना. तिने गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून चाळला.

“प्रकल्प घेणारी कचेरी किती वाजता बंद होते?” आईने विचारलं.

“पाच.”

आईने कोरी चिठ्ठी ओढून तिच्यावर ‘उद्या, तीन’ लिहिलं आणि लेकीपुढे सरकवली. लेकीने ती भिंतीवर टाचली. पाचचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.