माझ्या पोटातली थंडी

मित्रांनो, माझ्या पोटात बाराही महिने हिवाळा असतो. मी लस नेणारी एक जुनी निळी पेटी आहे. समार नावाच्या मोठ्या बेटाजवळच्या एका लहान बेटावर, आरोग्य केंद्राच्या फळीवर माझी पंधरा वर्षे गेली.

माझ्या भिंती जाड आहेत. आत चार बाजूंना बर्फाच्या चार चपट्या बाटल्या आणि मधोमध लसीच्या कुप्या ठेवतात. जवळच एक छोटा तापमापक असतो. त्याचा काटा दोन आणि आठ अंशांच्या मध्ये राखायचा, एवढेच माझे काम.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. मी होडीतून उतरले की आया मुलांची नाके पुसून त्यांना रांगेत उभे करत. पुढे केंद्रात मोठी, नवी पेटी आली आणि मी मागे पडले. एका जत्रेला माझ्यात सरबताच्या बाटल्या भरल्या. एकदा तर बांगडे भरले. तो वास महिनाभर गेला नाही. माझी कडीही तुटली.

मला वाचवले पुरिंगने. ती गावातली आरोग्यसेविका. सगळे तिला मानांग, म्हणजे मोठी ताई म्हणत. तिने मला व्हिनेगरने धुतले आणि झाकणाला सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधली.

मग ती फ्लूची साथ आली. तीन आठवड्यांत दोन म्हातारे कोळी गेले. घरोघरी खोकला ऐकू येऊ लागला. नवी पेटी दुसऱ्या बेटावर गेली होती, म्हणून केंद्राची सुईण नेरिसा लस आणायला मला घेऊन गेली आणि चार कुप्या घेऊन परतली. एका कुपीत दहा जणांची लस. पुढची खेप महिन्यानंतर येणार होती.

बास्केटबॉलच्या मैदानावर टेबल मांडले. माणसे जमली, पण टेबलाजवळ कोणी येईना.

"माझ्या मेव्हण्यानं घेतली आणि दोन दिवस तापानं फणफणला," रिक्षावाला डोडोंग म्हणाला.

"तुझा मेव्हणा लग्नातसुद्धा फणफणतो! लसीबरोबर तांदूळ देणार का, ते विचार," गर्दीतून कोणी म्हणाले.

"आधी आमच्यावर प्रयोग करून बघतायत, दुसरं काय!" आणखी कोणी ओरडले.

मागे रोसेंडा उभी होती. तिला आठवा महिना होता. लोकांच्या कपड्यांना कोळशाची इस्त्री करून ती घर चालवी. नवरा चार दिवसांपासून तापात होता. लस अंगात काम करू लागायला दोन आठवडे लागतात आणि बाळंतपण महिन्यावर आले होते. लस आजच मिळाली, तरच आईला आणि पोटातल्या बाळाला तिचा आधार होणार होता.

पण तिची सासू, लोला म्हणजे आजी तेओफिला, वाट अडवून उभी राहिली. "पहाटेपासून इस्त्री करतेय ती. अंग तापलंय. त्यात हे बर्फातलं पाणी टोचणार? पास्मा होईल! जन्मभर हात थरथरतील पोरीचे."

पास्मा! तापलेल्या अंगाला गार लागले की तो होतो, असे इथे सगळे मानतात. इस्त्रीनंतर कोणी हातसुद्धा धूत नाही. खरी भीती ही होती. बाकीच्या गप्पा वरवरच्या.

"लोला, असं काही होत नसतं," नेरिसा घाईने म्हणाली आणि एका आजारी मुलाला पाहायला गेली. म्हातारीला तिने एकही प्रश्न विचारला नाही.

पुरिंगने मात्र सगळे ऐकले होते. तिच्या मनात एक भाबडी युक्ती आली. तिने माझे झाकण उघडले. एक कुपी उचलली, मग दुसरी. कॉफीच्या थर्मासमधले गरम पाणी वाडग्यात ओतले आणि दोन्ही कुप्या त्यात सोडल्या.

"थंडी काढते, लोला," ती प्रेमाने म्हणाली. "मग तर झालं?"

मित्रांनो, मी ओरडू शकत नाही. उघड्या झाकणातून ऊन आत आले. तापमापक पाचवर गेला, मग सहावर. पुरिंगचा हात तिसऱ्या कुपीकडे आला.

"मानांग!" नेरिसा धावत आली. "हात काढ! झाकण लाव आधी!"

तिने वाफाळत्या वाडग्यातून दोन्ही कुप्या बाहेर काढल्या. "मेली ही लस. वीस माणसांची."

पुरिंगने थर्मास खाली ठेवला. "मी... चांगलंच करायला गेले गं."

गंमत पाहा. लस अर्धीच उरली म्हणताच मघाचे शहाणे धावत आले. सर्वांत पुढे डोडोंग.

नेरिसा मात्र लोलापाशी गेली आणि या वेळी तिने विचारले, "तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते?" म्हातारीने पास्म्याचे सगळे सांगितले.

"मग तिला सावलीत बसू द्या," नेरिसा म्हणाली. "आणि सुई भरली की मी ती मुठीत धरीन. तेवढ्या उबेनं लस बिघडत नाही."

लोला कबूल झाली. रोसेंडा आंब्याखाली अंग निववत बसली. इकडे रांग सरकत होती. दहा, चौदा, अठरा. ती उठून आली, तेव्हा एकोणीस जणांची लस टोचून झाली होती. गर्दीत तिच्यासाठी एक राखायचे राहूनच गेले होते. विसावी मानांग पुरिंगची होती. रोज तापाच्या रोग्यांच्या घरी जाणाऱ्या बाईसाठी नेरिसाने ती राखून ठेवली होती.

पुरिंगने खुर्ची सोडली. "बस गं."

"मानांग, तुझं काय?"

"गरम पाणी मी ओतलं, तू नाही."

नेरिसाने भरलेली सुई मुठीत धरली. लोलाने बोट लावून पाहिले आणि मान हलवली.

सहाव्या दिवशी पुरिंग तापाने पडली. दुसऱ्याच कुणीतरी मला पुसले आणि फळीवर ठेवले. रोज दार उघडले की मी तिची पावले ओळखू पाहत असे. महिन्यानंतर मी पुढची खेप घेऊन परतले, तेव्हा ती आली. वाळलेली, काठी टेकत. तिच्यामागे रोसेंडा, आणि रोसेंडाच्या कुशीत एक गोल चेहऱ्याची मुलगी. लोला तेओफिला छत्री धरून होती. सगळ्यांआधी तिनेच बाही वर केली.

"माझा नंबर पहिला, नेरिसा. आणि मुठीत धरायला विसरू नकोस हं."

मित्रांनो, माझ्या पोटातल्या थंडीला भिऊ नका. भीती वाटलीच, तर जाणत्या माणसाला मोठ्याने विचारा. आणि तुम्ही जाणते झालात, तर समोरच्याची भीती आधी ऐकून घ्या. झाकण मात्र लावलेलेच राहू द्या.