सांगितलेल्या किमतीची गाडी

पुढच्या वसंतात येणाऱ्या छोट्या स्पोर्ट्स कारची सुरुवातीची किंमत सुचवायचं काम चिझुरू मिनेगिशीकडे आलं, तेव्हा तिचे साहेब होसाका यांनी आकडा मनाशी पक्का करून ठेवला होता. एकोणीस लाख ऐंशी हजार येन.

"विसाच्या आत हवी," ते म्हणाले. "पेपरात मथळा होतो. माणूस एकदा शोरूममध्ये शिरला की पुढचं विक्रेते बघतील."

चिझुरूने मांडून पाहिलं. त्या आकड्यात गाडी बसत होती, पण एसी काढून, टायर हलके लावून. आणि तशा गाड्या कारखाना नावापुरत्याच काढणार होता.

शनिवारी ती हामामात्सु शहरातल्या एका शोरूममध्ये नुसतीच जाऊन बसली. शेजारी इसोगाई नावाच्या बाई होत्या, पियानोच्या शिकवण्या घेणाऱ्या, साठीला टेकलेल्या.

"हे होते तोवर मोठी गाडी होती," बाई आपणहून सांगू लागल्या. "मागे सासूबाई, सामान, कुत्रा. आता दोन सीट पुरे. खरं तर एकच पुरे."

"ही नवी येतेय, ती विसाच्या आत असेल म्हणतात."

"मग ती माझ्यासाठी नाही. मागे अशीच एक बघायला गेले होते. जाहिरातीतल्या किमतीची मागितली, तर विक्रेता असा हसला की मीच ओशाळले. म्हणाला, ती कुणी घेत नाही. अहो, कुणी घेतच नाही, तर तिची किंमत सांगता कशाला?"

सोमवारी बैठकीत चिझुरूने बावीस लाख साठ हजार सुचवले. एसी आणि चांगल्या टायरसकट, मागाल तितक्या गाड्या.

"मिनेगिशी, तुम्ही गाडी विकताय की पुण्य जोडताय?" होसाका म्हणाले. दोघेतिघे हसले.

"गाडीच विकतेय, साहेब. जी सांगू तीच."

वरिष्ठ संचालकांनी बराच वेळ कागद चाळला आणि तिचा आकडा उचलला.

वसंतात पेपरांनी झोडपलं. स्वस्त म्हणता म्हणता बावीस लाखांच्या वर, असा सूर होता. पहिल्या महिन्यात नोंदणी अपेक्षेच्या निम्मीही झाली नाही. कारखान्यातली एक पाळी बंद ठेवावी लागली. रास्त किंमत म्हणजे नेमकी कुणासाठी रास्त, हा प्रश्न तिची पाठ सोडेना. पाळी बंद झालेली माणसंही तिला कॅन्टीनमध्ये दिसत होती. शरद ऋतूत तिची बदली सुट्या भागांकडे झाली. आता ती आरशांच्या आणि वायपरच्या किमती लावत होती.

गाडी मात्र खपत राहिली. बहुतेक लोक सर्वांत साधीच नेत, जाहिरातीतल्या किमतीची. यश म्हणावं इतकी नाही, पण बंद पाळी पुन्हा सुरू झाली.

वर्षअखेरीच्या मेजवानीत होसाका बाटली घेऊन तिच्याजवळ येऊन बसले. तिचा पेला भरला.

"एकोणीस ऐंशी ठेवली असती, तर पहिल्या महिन्यात दुप्पट नोंदणी झाली असती. हे मी मरेपर्यंत म्हणणार."

"झाली असती," ती म्हणाली.

"वाद तरी घाला."

"खरंच आहे ते. वाद कशाचा घालू?"

होसाकांनी बाटली खाली ठेवली. "माझ्या मुलीने घेतली. साधीच. मला विचारलं नाही, की सवलत मागायला आली नाही."

"कशी वाटली म्हणते?"

"बॅग मावत नाही म्हणते," होसाका म्हणाले, "आणि दर रविवारी उगाच समुद्रापर्यंत जाऊन येते."