म्बाह तोहिरने पुसलेला मेंदू

झाडपाला-मंत्र करणाऱ्या म्हाताऱ्या वैदूच्या, म्बाह तोहिरच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. जावातल्या ब्रेबेस गावची निम्मी माणसं बदकांची अंडी खारवतात, उरलेली ती खातात. त्या सकाळी दोन्ही प्रकारची माणसं चमत्कार बघायला बसली होती.

म्बाहने म्हाताऱ्या कास्मानच्या मेंदूची दवाखान्यात काढलेली फिल्म उंच धरली. करड्या मेंदूत पांढरे डाग पसरलेले.

"बघा! हा वारा! डोक्यात शिरून बसलाय. दवाखान्याच्या गोळ्या त्याला आतच कोंडतात!"

नाण्याने कास्मानची पाठ लाल होईस्तोवर खरवडून त्याने वाऱ्याला वाट करून दिली. मग फिल्म पाकिटात घातली, वर कापड टाकलं, फुंकर मारली आणि फिल्म पुन्हा बाहेर काढली. एकही डाग नाही!

शेजारची बू तुमिनी रडायलाच लागली. "माझ्या नवऱ्याचाही मेंदू धुऊन द्या, म्बाह!"

"धुण्याएवढा आहे का पण?" मागून कुणीतरी विचारलं.

सगळे हसले. कास्मानची मुलगी वेनिंग हसली नाही. वडील आले तसेच पाय घासत घरी निघाले होते.

घरी येताच त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या केरात टाकल्या आणि लवंगेची सिगारेट पेटवली.

"बापाक, डॉक्टरांना एकदा विचारू तरी," वेनिंग वडिलांना म्हणाली.

"डाग दाखव, मग विचार."

पाकीट त्यांनी कपाटात कुलपात ठेवलं. आल्यागेल्याला कोरी फिल्म दाखवायची आणि कौतुक ऐकायचं. महिना असाच गेला. एकदा किल्ली कपाटालाच राहिली, तेव्हा वेनिंगने पाकीट उचललं आणि अंडी तपासायच्या दिव्यासमोर रिकामं केलं. आत दोन फिल्म होत्या. डागांची पहिली जशीच्या तशी. दोन्हींच्या कोपऱ्यात तारीख एकच, म्बाहकडे जायच्या आधीची.

"यंत्र एकाच मेंदूचे फोटो वेगवेगळ्या तऱ्हांनी काढतं," दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही फिल्म बघून सांगितलं. "एका तऱ्हेत हे डाग पांढरे उठून दिसतात, दुसरीत जवळजवळ दिसतच नाहीत. त्याने फक्त फिल्म बदलली."

"आणि वारा?"

"वारा कसला! वाढलेल्या रक्तदाबाने मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, तिथे रक्त कमी पडतं. झालेले डाग पुसता येत नाहीत. नवे पडू नयेत म्हणून गोळ्या, मीठ कमी, सिगारेट बंद. गोळ्या चालू आहेत ना?"

वेनिंग घराकडे धावत सुटली.

कास्मान दिव्यासमोरच बसले होते. पायाशी अंडं फुटलेलं, तोंड एका बाजूला ओघळलेलं. काहीतरी सांगत होते. शब्द होत नव्हता. तो पुढेही कधी झाला नाही.

"जुन्या गोळ्यांचं विष अंगात उरलं होतं," म्बाहने भरल्या अंगणात खुलासा केला. माना डोलल्या.

त्या माना डोलत असतानाच वेनिंग आत शिरली. तिने दोन्ही फिल्म उन्हात धरल्या, तारखा मोठ्याने वाचल्या, डॉक्टरीणबाई म्हणाल्या ते सगळं सांगितलं.

"साधं अंडंसुद्धा आपण उजेडात धरल्याशिवाय मडक्यात घालत नाही," ती म्हणाली. "बापाचं डोकं मात्र मी न बघता याच्या हातात दिलं. तुम्ही तरी आधी बघा. विचारा."

बरेच जण म्बाहकडेच बघत राहिले. बू तुमिनीने हळूच नवऱ्याचं मनगट धरलं.

"याच्या बंद केलेल्या गोळ्या पुन्हा कधी देऊ गं?"

"आज. आत्ता. घरी जा."