थोरल्या दिरांच्या दारातलं गाणं

माझे थोरले दीर कारभारी भांडायला सदा तयार असत, आणि बोलणं बंद करण्यात तर त्यांचा हात धरणारा औरंगाबादच्या अख्ख्या छावणीत कोणी नव्हता. घरात एकटा जीव, पण ताठा दहा जणांचा. धाकट्या भावाशी, म्हणजे माझ्या नवऱ्याशी, ते पोलीस ॲक्शनच्या दुसऱ्या वर्षापासून बोलत नव्हते.

कारण सगळ्या ख्रिस्ती मंडळीला पाठ होतं. सासूबाई छावणीत दिरांकडे वारल्या तेव्हा आम्ही लासूर स्टेशनला होतो. हे रेल्वेत गँगमन. उन्हाळ्याचे दिवस, माती संध्याकाळीच उरकली. आम्हाला दुसऱ्या दिवशी भलत्याच माणसाकडून कळलं. धावत आलो, तर दीर कबरीपाशी सगळ्यांदेखत ओरडले, "हबीबकडं निरोप धाडला व्हता! आई गेली तरी तुला यावं वाटलं नाय?"

हबीब कापडवाला आगगाडीने लासूरच्या बाजाराला ये-जा करायचा आणि छावणीचे निरोप पोचवायचा. मी धरून चालले की हाच मेला विसरला. त्यानंतर त्याच्याकडून वीतभर कापड घेतलं नाही. मंडळीने मात्र ह्यांच्या, फकिराच्या, नावावर शिक्का मारला: आईच्या मातीला न आलेला मुलगा.

दिरांनी चर्चला येणं सोडलं. पुढे आमची बदली औरंगाबादला झाली, छावणीतच खोली मिळाली, आणि ह्यांनी एक खूळ धरलं. ईस्टरच्या पहाटे आमची प्रभातफेरी निघते. ढोलकी ह्यांच्या गळ्यात. फेरी दिरांच्या गल्लीत वळवायची, बंद दारासमोर थांबायचं, एक गाणं पुरं म्हणायचं आणि मग पुढे जायचं. आत दिवा दिसायचा, दार काही उघडायचं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"मनाची नाय तर जनाची तरी लाज धरा," मी म्हणायचे. "किती साल चालायचं हे?"

"देव आपल्यासाठी किती थांबतो, आवडे," हे म्हणायचे. "मी एका गाण्यापुरता थांबलो तर माझं काय झिजतं?"

देवाची गोष्ट वेगळी. त्याला शेजारणींचे टोमणे ऐकावे लागत नाहीत.

मग एका वर्षी ईस्टरच्या तोंडावर हे विहिरीच्या पायरीवरून घसरले आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. पाळकसाहेब नवे, त्यांना आमच्या घरची कथा कुठली ठाऊक? फेरी सरळ बाजारातून चर्चकडे गेली. हे खाटेवर कान लावून पडले होते. गाणं लांब गेलं तसे म्हणाले, "दादाच्या दारात कुणीच गेलं नाय." चेहरा असा उतरला की मीसुद्धा जीभ आवरली.

चांगलं उजाडलं आणि दारावर थाप पडली. उघडते तो थोरले दीर! अंगात धुतलेला कोट आणि हातात चहाची ही मोठी किटली.

"कुठं मेले समदे?" ते गरजले. "चहा तापवून तापवून काळा पडला! औंदा दार उघडून बसलो, तर गल्लीत कुत्रं बी नाय!"

मी पदर ओढून बाजूला झाले. आत आल्यावर त्यांना प्लास्टर दिसलं. किटली खाली ठेवली आणि त्यांचा आवाजच बसला.

"मला वाटलं, तू माझा नाद सोडला."

"पाय मोडलाय, दादा. बस."

ते खाटेच्या कडेला टेकले. "दर साली कडीवर हात ठेवून हुभा ऱ्हायचो. आता काढतो, आता काढतो म्हणायचो, तवर तुमी जायचे. मग म्हणायचो, जाऊ दे, पुढल्या साली येतीलच की. आज कुणी आलं नाय, तवा भ्यालो, फकिरा. लई भ्यालो." मग किटलीकडे बघत म्हणाले, "हबीबला मी निरोप दिलाच नव्हता. आईचं समदं मी करायचो, अन् ती इचारायची, फकिरा आला का? रात न् दिस तेच. मला लई लागलं. म्हणलं, मग नकोच येऊ दे त्याला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. थोरल्या दिरापुढे तोंड उघडायचं नसतं, पण मी उघडणारच होते, तेवढ्यात हे म्हणाले, "ठावं हाय मला. हबीबनं त्याच आठवड्यात सांगितलं."

आता कोणावर चिडावं तेच कळेना. "अन् मला नाय सांगितलं?"

"तुला सांगितलं असतं, तर दुपारपर्यंत छावणीला कळलं असतं."

खोटं नव्हतं.

"मग मला का नाय बोलला?" दिरांनी विचारलं.

"बोललो असतो तर तू सापडला असता, दादा. मला तू सापडाया नको व्हता. यायला पाहिजे व्हता."

चर्चची घंटा सुरू झाली. दीर उठले. "जातो. आज मंडळीपुढं समदं सांगतो, मग हबीबकडं जातो." दारापर्यंत गेले आणि तिथेच घुटमळले. "अजून एक हाय. तिनं तुझ्यासाठी निरोप ठेवला व्हता. त्यो बी मी गिळला."

हे झटकन उठून बसले. ही गोष्ट मात्र ह्यांना माहीत नव्हती. त्यांचा चेहरा पाहून पहिल्यांदाच मला वाटलं, आता ह्यांची सहनशक्ती संपली.

"काय म्हणाली व्हती?"

दिरांनी चौकट घट्ट धरली. "म्हणाली, फकिराला म्हणावं, दादा तापट हाय, भांडून समदी माणसं तोडील. त्याला एकटं टाकू नको."

ह्यांनी हात पुढे केला, तसे दीर खाटेपाशी परत आले. घंटा थांबली, उपासना सुरू झाली असणार. "उशीर होतोय, जाऊ दे मला," दीर म्हणत होते. पण हे लहान पोरासारखे रडत होते, आणि खाटेवरून पुढे वाकून धरलेला भावाचा हात काही केल्या सोडत नव्हते.