सात, सात, सात

बाबा बस चालवतात आणि दर आठवड्याला त्यांची पाळी बदलते. डेपोत दर सोमवारी एक तक्ता द्यावा लागतो: रोज किती तास झोपलात? बाबांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून तो मी भरते. सात, सात, सात. ओळीने सात वेळा. वक्तृत्वाचं बक्षीस मिळाल्यापासून मी शाळेत बोलण्यात कुणाला ऐकत नाही. घरात तर माझं नावच रेडिओ पडलंय. पण त्या सातांबद्दल मी कधी चकार शब्द काढला नव्हता.

बाबा झोपतात तीन-चार तास. हल्ली चहात मीठ टाकतात आणि तसाच पितात. मला आत्याच्या नावाने हाक मारतात. आई म्हणते, घरात नवरा नाही, कपाट वावरतंय. छातीत धडधडतं म्हणून बाबा डॉक्टरांकडे गेले, तर त्यांनी आधी झोपेचंच विचारलं. बाबांनी तिथेही सात सांगितलं.

त्या गुरुवारी मी बाबांच्याच बसमध्ये होते. शाळेचा थांबा आला आणि गेला. मुलं ओरडली. आरशात बाबांचे डोळे दिसले. उघडे होते. पुढचा लाल सिग्नल आम्ही तसाच ओलांडला. समोरून कुणी आलं नाही, एवढंच. मी पुढच्या थांब्यावर उतरले, चालत मागे आले, इतिहासाचा पेपर लिहिला. भीती वगैरे वाटली नाही. मांडी घालून बसल्यावर पाय बधिर होतो ना, तशी मी अख्खी झाले होते.

सोमवारी सकाळी तक्त्यात लिहिलं: तीन, चार, दोन, तीन, तीन, चार, तीन. बाबांनी नेहमीसारखी न बघता सही केली.

त्या दिवशी ते दुपारीच परतले. साहेबांनी बस काढून घेतली होती. तक्ता सुधारेपर्यंत हरवलेल्या सामानाच्या खोलीत छत्र्या मोजायच्या.

"तू लिहिलंस?"

"हो."

"विचारायचं तरी."

"तुम्ही सातच म्हणाला असतात."

बाबा बुटांसकट आडवे झाले ते थेट मंगळवारी सकाळी उठले. मधे आई दोनदा श्वास बघून आली. मला रडू आलं नाही, बरंही वाटलं नाही. आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि रेडिओही बंदच होता.

पुढच्या सोमवारी सकाळी त्यांनी नवा तक्ता माझ्यापुढे सरकवला.

"सोमवार, पंधरा तास. लिही."

मी लिहीत गेले. नऊ, आठ, पाच, आठ, सहा.

"काल?"

"सात."

मी मान वर केली.

"खरंच सात," बाबा म्हणाले. मग एकेका रकान्यावर बोट ठेवून त्यांनी सगळं वाचलं आणि सही केली.