जांभळ्या खड्यांचा डूख

मी एक जुनी तपकिरी बाटली आहे, आणि माझ्या मनात डूख आहे. हे आधीच सांगून टाकते. मित्रांनो, माझ्या पोटात पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे खडे असतात. तुमच्याकडची जुनी माणसे ते विहिरीत टाकत. आमच्या किरगिझ डोंगरांत ते तान्ह्या बाळाच्या आंघोळीच्या पाण्यात घालतात, म्हणजे जंतू मरतात.

कारखान्यात मला मुद्दाम तपकिरी केले, कारण उजेडाने माझे औषध बिघडते. काचेचे बूचही घासून घट्ट बसवले, कारण ओल मला चालत नाही. तिथून मी आमच्या गावच्या दवाखान्यात आले. साल्किन एजे, म्हणजे साल्किनताई, तिथली नर्स. बाई मोठी कडक. मला सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवायची आणि ग्लिसरीनची बाटली पार दुसऱ्या कपाटात, कारण आम्ही दोघे एकत्र सांडलो तर काडी न ओढता आग लागते. मला ओल्या बोटांनी ती कधी शिवली नाही. दोन-चार खडे पेल्यातल्या पाण्यात टाकायची, एकही खडा दिसेनासा होईपर्यंत ढवळायची, मग चौपदरी फडक्यातून गाळून थेंब थेंब टबात सोडायची. पाणी किती रंगवायचे? कलिंगडाच्या सालीजवळचा गर असतो ना, तेवढेच गुलाबी. “त्याच्यापुढे गेलं की ते औषध राहत नाही गं, भाजतं,” असे ती प्रत्येक बाळंतिणीला सांगायची. बायका तिला दुवा देत आणि ती दुवा मला द्यायची. ते दिवस चांगले होते.

मग ती शरदातली अक्रोडाची सुगी आली. सुगीत आमचे गाव रिकामे होते. सगळे बिऱ्हाड घेऊन अक्रोडाच्या जंगलात तंबू ठोकतात आणि परततात तेव्हा हिरव्या सालीने प्रत्येकाचे हात कोपरापर्यंत काळे झालेले असतात. महिना महिना तो डाग जात नाही. त्याच सुमारास बुरुलचा नावाच्या बाळंतिणीच्या मुलीचा, बेर्मेतचा, चाळिसावा दिवस आला. त्या दिवशी बाळाला चाळीस चमचे पाणी घालून न्हाऊ घालायचे असते. बुरुलचा तापाने फणफणली होती. घरात दुसरे कोण? नवऱ्याची आत्या, उल्कान आपा; वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे आपा म्हणतात. गुडघा धरल्यामुळे ती काही जंगलात गेली नव्हती. तीच मला न्यायला दवाखान्यात आली.

“आपा, कोरे खडे टबात टाकायचे नाहीत हं,” साल्किनने दारातच सांगितले. “आधी पेल्यात विरघळवा, फडक्यातून गाळा.”

“अगं जा, तुझ्या आईला न्हाऊ मी घातलंय. मला शिकवतेस होय?”

“तुम्ही घातलंत, पण खडे फार वाईट असतात. तळाशी बसतात आणि कातडीला चिकटतात.”

“बरं बरं. ऐकलं.”

ऐकले! घरी गेल्यावर उल्कानने ओल्या बोटांनी चांगली चिमूट उचलली आणि सरळ टबात टाकली. खडे तळाला जाऊन बसले आणि त्यांच्यातून जांभळे धागे वर येऊ लागले. त्या खड्यांवर तिने बाळाला निजवले आणि चमचे मोजू लागली. बेर्मेत जी किंचाळली ती किंचाळी अजून माझ्या काचेत आहे. तिच्या मांडीवर तपकिरी ठिपके उठले. मग कातडी सोलली गेली आणि खोल वण राहिले.

आणि ती थेरडी गावाला काय म्हणाली माहीत आहे? “साल्किनचं औषधच नासकं. आणि कसं वापरायचं ते सांगेल तर शपथ!” मी सगळे ऐकले होते, मित्रांनो. पण बाटलीची साक्ष कोण काढतो? उल्कानच्या बोटांवर माझा डाग ठसठशीत पडला होता. चोर रंगेहाथ सापडला होता म्हणा ना. पण नेमके तेव्हाच लोक जंगलातून परतले. ज्याचे बघावे त्याचे हात काळे. तिचेही त्यांत खपून गेले.

साल्किनचे मात्र वाटोळे झाले. बायका सुईसाठी पोरांना घेऊन शहरापर्यंत जाऊ लागल्या, पण तिच्या दाराची पायरी चढेनात. लग्नाबारशाला तिला कोणी बोलावीना. मला उल्कानने गोठ्यात भिरकावले. तिथे कोंबड्या माझ्यावर बसत. ओलीने माझ्यावरची नावाची चिठ्ठी गळून पडली. एकदा गोठा झाडणाऱ्या गड्याने मला उचलून हुंगले आणि बायकोला म्हणाला, “चहात घालायचं काही असेल का गं?” बिननावाची बाटली म्हणजे घरात सोडलेला विंचू, हे मी तेव्हा शिकले. तो मला परत ठेवून गेला. नाहीतर आणखी एक पाप माझ्या माथी बसले असते.

गोठ्यात मला एकच काम होते. उल्कानचा सूड कसा घ्यावा ते ठरवत बसायचे. तिच्या दुधात पडावे, तिच्या उशीत शिरावे, असे काय काय मनात येई. बेर्मेत अंगणात पळताना फ्रॉक उडे आणि ते वण दिसत, तेव्हा माझा जळफळाट होई.

बेर्मेतला भाऊ झाला तो चार वर्षांनी, वसंतात, जर्दाळू फुलले तेव्हा. बुरुलचा गोठ्यात गवत घ्यायला आली आणि मी तिला दिसले. तिने मला उजेडाकडे धरले. आतले खडे कोरडेच होते. पण बुचाजवळच्या भुकटीने तिच्या ओल्या बोटांवर काळपट डाग उठला, अक्रोडाच्या सालीसारखा, आणि तिने तो निरखून पाहिला. मला शालीखाली घेऊन ती तडक साल्किनकडे गेली.

“एजे, एक विचारते. त्या वर्षी उल्कान आपा जंगलात गेल्या होत्या? तापात मला कसलीच शुद्ध नव्हती.”

“छे, कुठल्या जातात. गुडघा धरून बसल्या होत्या ना.”

“मग त्यांची बोटं कशानं काळी होती?”

साल्किनने हातातले काम खाली ठेवले. मग दारात काय बोलणे झाले होते ते तिने अगदी शब्दाला शब्द सांगितले.

“तेव्हा का नाही बोललात?”

“बोलले होते की. कोणी ऐकलं? वयानं मोठी ती.”

“परवा चाळिसावा आहे. सगळ्या बायका येतील. मला तिला सगळ्यांसमोर धरायचंय.”

“धर. मी अडवणार नाही, मलाही तेच हवंय. पण त्या पाण्याला पोराचं नखसुद्धा लागता कामा नये. आधी तशी शपथ घे.”

“पोर माझ्या कुशीतून हलायचं नाही.”

त्या दिवशी घर बायकांनी भरले होते. चाळीस घरांतून मागून आणलेल्या तुकड्यांचा सदरा उशीवर ठेवला होता. बुरुलचाने टबात कोमट पाणी ओतले आणि मला उल्कानपुढे ठेवले. मला पाहून ती दचकली.

“हे परत कशाला?”

“साल्किन एजेनं तपासून दिलंय, चांगलं आहे. बेर्मेतच्या वेळी तुम्हीच घातलं होतं ना, आपा? आजही मान तुमचाच. तेव्हा जसं केलंत तसंच करा.”

सगळ्या बायका बघत होत्या. नाही कसे म्हणणार? “मी तेव्हाही चिमूटच टाकली होती आणि आताही चिमूटच टाकते. औषध चांगलं असलं तर काय होणार आहे?” असे म्हणत तिने ओली बोटे माझ्या तोंडात घातली. माझे खडे तिला कडकडून चिकटले. उरलेले टबाच्या तळाला गेले.

“द्या पोराला,” ती म्हणाली.

“थांबा. आधी मोठ्या माणसानं हात घालून बघायचं असतं, हो ना? घाला दोन्ही हात. बाळ निजेल तिथं, तळाला टेकवा. आणि चमचे होईपर्यंत काढू नका, बाळही तेवढा वेळ पाण्यात असतं.”

“ही काय थट्टा आहे, सूनबाई?”

“थट्टा कशाला? तुम्ही सगळं नीट केलं होतंत ना?”

उल्कानने हात घातले. बुरुलचा बाळाला घट्ट धरून मोठ्याने चमचे मोजू लागली. दहा झाले तशी उल्कान चुळबुळायला लागली. वीस झाले तेव्हा तिने हात बाहेर ओढले. “टोचतंय गं,” ती पुटपुटली. तिच्या तळव्यांवर जांभळे ठिपके होते आणि बघता बघता ते तपकिरी पडले. बेर्मेतच्या मांडीवर उठले होते ना, अगदी तसेच.

“अक्रोडाच्या सालीसारखं दिसतंय,” एक शेजारीण म्हणाली.

“तेव्हाही तसंच दिसलं होतं,” बुरुलचा म्हणाली. “म्हणून कोणाच्या डोळ्यांवर आलं नाही. पण आपा, गुडघा दुखतोय म्हणून तुम्ही जंगलात गेलाच नव्हतात. मग तुमची बोटं कशानं रंगली होती?”

बायका तिच्या बोटांकडे बघू लागल्या. उल्कानने हात बाह्यांत ओढून घेतले.

“सांगितलं होतं तिनं,” ती शेवटी म्हणाली. “विरघळवून घाला म्हणून सांगितलं होतं.”

बुरुलचाने ते पाणी मागच्या खड्ड्यात ओतले, टब स्वच्छ धुतला आणि ओसरीत थांबलेल्या साल्किनला हाताला धरून आत आणले. दारासमोरच्या मानाच्या जागी तिला बसवले. बाळाला तिनेच न्हाऊ घातले, फिकट गुलाबी पाण्यात. ते झोपेला आले होते.

आता सूड पुरा झाला असे तुम्हांला वाटेल. नाही. जेवणाचे मोठे ताट आले. आमच्याकडे मांस आणि शेवया हाताने खातात. उल्कान बाह्यांत हात घेऊन उपाशी बसली. जेवण झाले आणि शेवटचा आशीर्वाद उरला. तो सगळ्यांत वयस्कर बाईने द्यायचा असतो, दोन्ही तळवे तोंडासमोर उघडे धरून.

“द्या, आपा,” बुरुलचा म्हणाली. “आम्ही थांबलोय.”

घरभर तळवे उघडले गेले. उल्कान बसून राहिली. कोणी तिची सुटका करीना. मग हळूहळू ते ठिपक्यांचे तळवे बाहेर आले, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. तेवढ्यात बेर्मेत तिच्याजवळ जाऊन उभी राहिली, तळव्यात वाकून बघितले आणि फ्रॉक वर करून आपली मांडी दाखवली.

“आपा, तुलापण झालं? मला खूप दुखलं होतं, आई सांगते.”

उल्कान तोंड झाकून रडायला लागली. ज्या हातांनी तोंड झाकले ते तेच होते.

बुरुलचाने तिला पाणी दिले. मी दिले नसते. मी आता परत वरच्या फळीवर आहे, अंगावर नवी चिठ्ठी आहे, आणि ग्लिसरीन दुसऱ्या कपाटात आहे. मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी कोणी असेल तर तिच्यावर तिचे नाव लिहा, तिला सरबताच्या बाटलीत ओतू नका, पोरांच्या हाताला लागू देऊ नका, आणि सांगणाऱ्याचे ऐका. नाही ऐकलेत तर मी गावभर बोंब मारणार नाही. तुमच्या हातांवर लिहून ठेवीन.