साहेबांनी जाऊ दिलं

अमृता शेंद्र्याच्या एका कंपनीत पॅकिंगला होती, आणि भावाच्या लग्नासाठी तिनं सुट्टी मागितली होती. शुक्रवारी एचआरच्या सुयश साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. घसा खाकरला, टेबलाकडं बघत म्हणाले, "अमृता, वुई हॅव डिसायडेड टू लेट यू गो."

गो म्हणजे जाणं, लेट म्हणजे देणं. एवढं इंग्रजी शेंबड्या पोरालाबी येतं. साहेबांनी जाऊ दिलं! "थँक्यू सर, लई उपकार झाले!" म्हणत ती उड्या मारतच बाहेर पडली. साहेबांनीही सुटल्यासारखा श्वास टाकला.

फुलंब्रीत हळद लागली, लग्न लागलं, वरातीत अमृता नाच नाच नाचली. बुधवारी हर्सूलच्या आपल्या खोलीवरून कामावर आली, तर गेटवर कार्डच लागेना.

वॉचमन पुंजाराम खालमानेनं म्हणाला, "ताई, तुमचं नाव काढलंय. साहेब म्हणत होते, राजीखुशीनं गेली, वर थँक्यू बी म्हणाली."

अगं बाई! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बोलवा त्यांना हितं," ती ओरडली, "नायतर मी हलत नाय."

साहेब आले. "हे बघा, लेट यू गो म्हणजे नोकरीवरून कमी करणं. इंग्रजीत असंच म्हणतात. जरा सौम्य वाटतं."

"सौम्य कुणाला वाटतं? मला का तुम्हाला?"

आता हे साहेब तरी कुठल्या लंडनचे? पैठणचे! कामावर घेताना "ताई, उद्यापासून या" हे मराठीत. "आज दोन तास जास्त थांबा" हेही मराठीत. आणि पोटावर पाय द्यायचा तेवढा इंग्रजीत! लाज कशी वाटत नाही म्हणते मी.

"अहो, जाऊ द्या ना आता," साहेब म्हणाले.

"परत तेच! ह्या जाऊ द्याचा अर्थ काय धरू? माफ करा, का चालती हो?"

साहेब मागं वळू लागले.

"मराठीत सांगा. ह्या पुंजारामदादांसमोर सांगा."

पाळीवर आलेल्या बायका घोळका करून उभ्या राहिल्या. साहेबांनी ओठांवरून जीभ फिरवली. "आम्ही तुम्हाला... कामावरून..."

"म्हणा की!"

"काढलं," साहेब पुटपुटले.

ऐकताना तिचे डोळे भरून आले, पण ती मागं सरली नाही. "आता समजलं. ह्याला माझी राजीखुशी नाय, सगळ्यांदेखत सांगते. माझं एक पाकीट कधी चुकलं नाय, एक खाडा नाय. मग का काढलं, तेबी सांगा."

बायका आत जायचं नाव घेईनात. त्यांनाही तेच ऐकायचं होतं. साहेबांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. त्या 'का'ला मात्र त्यांना इंग्रजीतही शब्द सापडेना.